उलटा भोंगा

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एक माणूस असतो. त्याचा संघ हरला की त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने हसायचे नसते, टीव्हीचा आवाज वाढवायचा नसतो आणि ‘काय झालं?’ असे तर चुकूनही विचारायचे नसते. काय झाले ते त्याच्या तोंडावरच लिहिलेले असते. घरातली माणसे मग आत कोणी आजारी असल्यासारखी दबक्या पावलांनी वावरतात.

या गोष्टीतल्या घरातला तो माणूस म्हणजे भोंगा. त्याचे खरे नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. शहराच्या बास्केटबॉल संघाचा सामना असला की तो जुन्या मोटारीचा एक पितळी भोंगा घेऊन गॅलरीत बसायचा. रबरी गोळा दाबला की ‘पोंऽऽ’ असा आवाज छतापर्यंत जाई. आपल्या संघाने बास्केट केली की आधी भोंगा वाजणार आणि त्यापाठोपाठ सारी गॅलरी ‘अजून एक!’ म्हणून ओरडणार, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. खेळाडू बदलले, मालक बदलले, खुर्च्यांचा रंगसुद्धा बदलला, पण भोंग्याची जागा कधी बदलली नाही.

त्याचा धंदा फ्रिज दुरुस्तीचा. लोकांच्या घरी थंडावा पोचवणाऱ्या या गृहस्थाचे स्वतःचे डोके मात्र कायम तापलेले! घराच्या खालच्याच मजल्यावर त्याचे दुकान होते. दारे काढलेले फ्रिज भिंतीला रांगेने उभे, मध्ये गॅसच्या टाक्या, नळ्या, जुने कॉम्प्रेसर, आणि बसायला पालथे क्रेट. बायको दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायची. त्यामुळे दिवसभर लोकांचे कण्हणे ऐकून आल्यावर नवऱ्याचे कण्हणे ऐकायची तिची तयारी नसे. मुलगी शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळायची. बुटकी, पण कोर्टवर अशी गरगरायची की सगळे तिला भिंगरीच म्हणत. आणि घरात आत्या होती. भोंग्याच्या वडिलांची बहीण. उभा जन्म तिने शाळेत मुलींना खेळ शिकवला होता, सामन्यांत पंच म्हणून उभी राहिली होती. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी गेली, पण ती जिभेवर येऊन बसली, असे भोंगा म्हणायचा. अर्थात आत्या जवळ नसताना.

आता भोंग्याच्या दुखण्याचे मूळ सांगायला हवे.

सीझन सुरू होण्याआधी संघाचे व्यवस्थापक स्वतः त्याच्या दुकानात आले होते. पाठीराख्यांची बैठक दर वेळी तिथेच भरायची. कॅप्टनला दुसऱ्या संघाला विकणार अशी कुजबुज होती आणि लोक सीझनचा पास घ्यायला का कू करत होते. व्यवस्थापक पालथ्या क्रेटवर बसले, चहा प्याले, आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “कॅप्टन कुठेही जाणार नाही. हा माझा शब्द. तुम्ही लोकांना सांगा, तुमचं ऐकतात ते.”

भोंगा विरघळला. ज्याचे आजवर गॅलरीतून काचेच्या खोलीतले फक्त टक्कल दिसायचे, तो माणूस आज खांद्यावर हात ठेवून बोलत होता! मग काय, त्याने तो शब्द घरोघर पोचवला. फ्रिज उघडता उघडता तो पासची गोष्ट काढायचा. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर म्हणाला होता, “माझा त्यांच्यावर काडीचा भरवसा नाही. पण तू म्हणतोस ना? मग घेतो.”

सीझन सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. भोंगा एका फ्रिजच्या पोटात डोके घालून बसला होता. दारात बेकरीवाला येऊन उभा राहिला, पिठाच्या हातांनीच.

“काय भोंगेराव, विकला की कॅप्टन!”

“अफवा आहे,” भोंगा आतूनच म्हणाला.

“बाहेर ये आणि बघ.”

भोंग्याने डोके बाहेर काढले. बेकरीवाल्याच्या फोनवर कॅप्टन दुसऱ्याच रंगाचा शर्ट हातात धरून हसत होता.

भोंग्याने व्यवस्थापकांना फोन लावला. पुन्हा लावला. पुन्हा लावला. उचलला नाही तो नाहीच. दुसऱ्या दिवशी पेपरात निवेदन आले, ‘संघाची नव्याने बांधणी सुरू आहे. चाहत्यांनी धीर धरावा.’ बास! क्रेटचा उल्लेख नाही, चहाचा नाही, शब्दाचा तर नाहीच नाही.

कोणीतरी केसाने गळा कापावा तसे भोंग्याला झाले. कॅप्टन गेला याचे दुःख होतेच, पण त्याहून मोठी सल वेगळी होती. व्यवस्थापकांनी त्याला फसवले, आणि त्याच्याच तोंडून साऱ्या गल्लीला फसवले! बेकरीवरून जाताना तो आता रस्त्याची दुसरी बाजू धरायचा. बेकरीवाला काही बोलायचा नाही, हेच जास्त लागायचे.

‘नवी बांधणी’ म्हणजे काय ते हळूहळू सगळ्यांना कळले. या लीगमध्ये एक नियम होता. जो संघ सर्वांत तळाला राहील, त्याला पुढच्या सीझनला नव्या दमाच्या मुलांमधून पहिली निवड करायला मिळे. दुबळ्या संघाला आधार मिळावा म्हणून केलेला चांगला नियम. आणि त्या वर्षी असा एक मुलगा लीगमध्ये यायचा होता की त्याचा खेळ पाहून जाणत्यांनीही तोंडात बोटे घातली होती. झाले! बरे खेळाडू एकेक करून ‘दुखापती’मुळे बाकावर जाऊन बसले, आणि एरवी पाण्याच्या बाटल्या धरणारे कोर्टवर धावू लागले. संघ हरत होता असे नव्हे, संघाला हरवले जात होते.

पाठीराख्यांची बैठक भरली तेव्हा दुकानातले सगळे क्रेट कमी पडले.

“पास फाडून टाकू. जायचंच नाही कोणी,” बेकरीवाला म्हणाला.

“मालकालाच हाकला!” टॅक्सीवाला ओरडला.

“कसा हाकलणार? तो काय तुझ्या टॅक्सीत बसलाय?”

हशा पिकला. एक पोस्टातला कारकून म्हणाला की नव्या पोरांना वेळ द्यावा, दोन-तीन वर्षांत संघ उभा राहील. त्याला सगळ्यांनी खाली बसवले. धीर धरा हे शब्द त्या दुकानात तेव्हा शिवीसारखे झाले होते.

मग भोंगा उठला. त्याचे डोळे चमकत होते.

“त्यांना हरायचंय ना? मग हरू दे! असं हरू दे की तो पोरगा आपल्यालाच मिळाला पाहिजे. कॅप्टन तर गेलाच, निदान त्याची किंमत तरी वसूल करू. उद्यापासून उलटा भोंगा! समोरच्या संघानं बास्केट केली की वाजवायचा. आणि आपल्यातल्या कोणी केली, तर हुर्यो!”

दुकान टाळ्यांनी दणाणले. फसवले गेलेल्या माणसाला कोणी ‘तूही थोडा लबाड हो’ म्हटले की केवढे हायसे वाटते! इतके दिवस नुसते दात-ओठ खाणाऱ्यांच्या हातात अचानक काहीतरी आले होते. जिन्यावर बसलेली भिंगरी तर उड्या मारत होती. आपला बाप केवढा हुशार!

आत्या तेवढी हसली नाही. “आणि जो पोरगा तिथं खाली धावतोय, त्याचं काय?”

“त्याला पगार मिळतो, आत्या.”

“हं,” आत्या म्हणाली आणि गुडघा धरून वर निघून गेली.

पुढच्या रविवारी दुपारी सामना होता. भिंगरी बाबांच्या शेजारी बसली होती. संघात एक उंच, हडकुळा बदली खेळाडू होता, त्याला सारे शिडी म्हणत. बाकावर बसूनच त्याची वर्षे गेली होती. या सीझनला प्रथमच त्याला खेळायला मिळत होते, आणि तो वेड्यासारखा धावत होता. त्याला कोणी सांगितले नव्हते की आपण हरायचे आहे. किंवा सांगितले असेल, तर त्याने ऐकले नव्हते.

शिडीने दोघांना चुकवून चेंडू रिंगमध्ये टाकला. सुरेख बास्केट! सवयीने त्याने गॅलरीकडे पाहिले. इतकी वर्षे बाकावर बसून त्याने भोंगा ऐकला होता, पण दुसऱ्यांसाठी. आज त्याची पाळी होती.

“हुर्योऽऽ!” गॅलरी ओरडली.

शिडी थबकला. आपला पाय रेषेवर पडला की काय म्हणून त्याने खाली पाहिले. मग पंचाकडे पाहिले. पंचाने बास्केट मोजली होती. मग समोरच्या संघाने बास्केट केली आणि ‘पोंऽऽ’ असा भोंगा वाजला, तेव्हा त्याला कळले. त्याने पुन्हा एकदा वर पाहिले आणि परत धावू लागला.

“बाबा, तो आपलाच ना?” भिंगरीने विचारले.

“आपलाच गं.”

“मग?”

“अगं, वेडा आहे तो. त्याला पुढचं दिसत नाही. आज हरलं की उद्याचं भलं असतं. डोकं लागतं याला!”

भिंगरीने मान डोलावली. मुले आपला उपदेश कधी ऐकत नाहीत अशी आपली तक्रार असते. पण नको ते मात्र ती एका फटक्यात शिकतात!

महिना गेला असेल. दुपारी भोंगा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या फ्रिजला दाराचे रबर बसवत होता, तोच बायकोचा फोन आला. “अहो, शाळेतून फोन होता. आजचा सामना हरल्या आणि भिंगरीला संघातून काढलंय. मला इथून निघता येत नाही, तुम्ही जा. आणि हे बघा, आधी ऐकून घ्या. लगेच वाजायला लागू नका.”

ऐकतो कसला! तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धवट रबर लोंबत ठेवून भोंगा शाळेच्या मैदानावर पोचला, आणि पीटीच्या बाई दिसताच सुरू झाला.

“एक सामना हरली म्हणून पोरीला काढता? सगळे व्यवस्थापनवाले सारखेच तुम्ही! चूक वरच्यांची आणि खापर पोरांच्या डोक्यावर!”

बाई शांत होत्या. “मी काही सांगत नाही. तिलाच विचारा.”

भिंगरी घसरगुंडीपाशी एकटी उभी होती. बाकीच्या मुली लांब, बाकांवर. त्यांत तिची जिवलग मैत्रीण होती, संघातली सर्वांत उंच मुलगी. दोघी एकत्र चालल्या की लोक वळून बघत. हिला भिंगरी म्हणत, तिला ताड. ताड मान खाली घालून बुटांची नाडी सोडत होती, आणि ती नाडी काही सुटत नव्हती.

“बाबा, मी काही वाईट नाही केलं,” भिंगरी घाईघाईने बोलू लागली. “पुढच्या फेरीत आम्ही गेलोच होतो. आज जिंकलो असतो तर त्या तगड्या शाळेशी गाठ पडली असती. हरलो की सोपी शाळा. म्हणून मी बॉल बाहेर टाकत राहिले. आज हरलं की उद्याचं भलं असतं ना? मी उलटा भोंगा केला, बाबा. यांना कुणाला कळतच नाहीये!”

भोंग्याने पीटीच्या बाईंकडे पाहिले.

“निवड समितीच्या बाई आल्या होत्या आज,” पीटीच्या बाई हळूच म्हणाल्या. “विभागाच्या संघासाठी मुली बघायला. ताडला बघायला, खरं म्हणजे. रिंगखाली तिच्यासारखी मुलगी नाही. पण तिच्या हातात चेंडू आला तर ना!”

ताडने मान वर केली. ती भोंग्याकडे पाहत नव्हती, भिंगरीकडे पाहत होती.

“काल मी तुला म्हटलं होतं, उद्या मला बॉल देत राहा. तू म्हणालीस, देईन. दर वेळी मी रिंगखाली धावत गेले. दर वेळी मला वाटलं, आता देईल. तू माझ्याकडे बघत होतीस गं. बघत होतीस आणि दिला नाहीस.”

“पण पुढच्या फेरीत...”

“मला माहीत नव्हतं आपण हरतोय म्हणून! मी एकटीच खेळत होते!”

मग ती भोंग्याकडे वळली. अतिशय सभ्यपणे म्हणाली, “काका, तिला रागवू नका. फक्त तिला माझ्या शेजारी बसायला सांगू नका.”

वाचकहो, त्या क्षणी भोंग्याला कोणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते! त्याच्या डोळ्यांपुढे शिडी उभा राहिला. बास्केट करून खाली रेषेकडे पाहणारा. आपला पाय कुठे चुकला ते शोधणारा. हा चेहरा आणि तो चेहरा एकच होता. आणि दुकानातल्या क्रेटवर फोन कानाला लावून, ‘उचला, उचला’ म्हणत बसलेला त्याचा स्वतःचा चेहरा? तोही हाच!

भोंग्याने भिंगरीला दुकानाच्या टेम्पोत बसवले आणि घरचा रस्ता धरला. चौक ओलांडल्यावर ती म्हणाली, “बाबा, मी चुकले का?” आणि मग तिला रडू फुटले. भोंग्याने ‘हो’ म्हटले असते, तर ते तिने ज्याच्याकडून शिकले त्याचे नावही सांगावे लागले असते.

संध्याकाळी दुकानात तो त्या अर्धवट फ्रिजपुढे नुसताच बसला होता. आत्या जिना उतरून आली आणि समोरच्या क्रेटवर टेकली.

“तुझा एक भागीदार होता बघ. त्याला का हाकललंस रे?”

“तुला माहीत आहे, आत्या.”

“माहीत आहे. तरी सांग.”

भोंग्याने सुस्कारा सोडला. “गळती न बुजवताच गॅस भरायचा. फ्रिज थोडे दिवस चालायचा आणि मग बसायचा. मग हा गिऱ्हाइकाला म्हणायचा, तुमचा फ्रिज संपला, नवा घ्या. नव्यावर त्याला वरकमाई मिळायची.”

“मग त्यात वाईट काय? गिऱ्हाइकाला नवाकोरा फ्रिज तर मिळायचा. आज बिघडलं की उद्याचं भलं!”

“असं कसं म्हणतेस!” भोंगा उसळला. “चांगल्या चालणाऱ्या वस्तूला मुद्दाम मारायचं? गिऱ्हाइक आपल्यावर विश्वास टाकून घरात घेतं! दुरुस्त होत नसेल तर तोंडावर सांगावं, होत नाही म्हणून. पण दुरुस्त करतोय असं दाखवून आतून...”

तो थांबला. हातातला पाना त्याने हळूच खाली ठेवला.

“बोल की. थांबलास का?” आत्या म्हणाली.

“मला फसवलं त्यांनी, आत्या.” भोंग्याने समोरच्या क्रेटकडे बोट दाखवले. “इथं बसून. तू बसली आहेस त्याच क्रेटवर. माझ्या तोंडाला पानं पुसली. मग मी काय करायला हवं होतं? गप्प बसू? टाळ्या वाजवू?”

“फसवलंच तुला! मी कधी नाही म्हटलं? अरे, तुझा राग शंभर टक्के खरा आहे. पण तो तू नेऊन कोणाच्या अंगावर ओतलास? व्यवस्थापक काचेच्या खोलीत बसतो. तुझा भोंगा त्याला ऐकूसुद्धा जात नाही. ऐकू कोणाला गेला? त्या शिडीला. ज्यानं तुला कसलाच शब्द दिला नव्हता, आणि तरी तोच एकटा तुझ्यासाठी धावत होता.”

भोंगा फ्रिजचे लोंबते रबर बोटांनी दाबत बसला.

“आणि बांधणी करू नये असं मी म्हणतच नाही,” आत्या पुढे म्हणाली. “नवी पोरं आणावीत, त्यांना वेळ द्यावा, त्या पोस्टातल्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. चार वर्षं हरावं लागलं तर हरावं. हरण्यात कसली आलीय लाज? माझ्या मुली इतक्या वेळा हरल्या की मला रडणाऱ्या पोरींच्या वेण्या घालायची सवय झाली होती. पण प्रत्येक पोरगी जीव तोडून हरायची. त्यातनंच पुढं संघ उभा राहायचा. मुद्दाम हरतात ना, तिथं बांधणी होत नाही. तिथं सगळ्यांना एकच सवय लागते, शेजाऱ्याला बॉल न द्यायची. आज ती सवय तुझ्या घरात आली.”

भोंगा उठला, जिन्यावरून वर गेला आणि भिंगरीपाशी बसून म्हणाला, “तू चुकलीस. पण तुझ्याआधी मी चुकलो. तुला ते मीच शिकवलं. आता दोघांनी मिळून निस्तरायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रथम बेकरीत गेला. रस्त्याची दुसरी बाजू न धरता. “माझ्या शब्दावर तू पास घेतलास,” तो म्हणाला. “शब्द खोटा निघाला. मला तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. तोंड लपवत फिरलो.”

बेकरीवाल्याने हात झटकले. पिठाचा एक ढग उडाला. “मी वाटच बघत होतो, कधी येतोस म्हणून,” तो म्हणाला.

पुढचा सामना आला. गॅलरी भरली होती, उलटा भोंगा ऐकायला लोक आता लांबून येत. सामना सुरू झाला. समोरच्या संघाने बास्केट केली. भोंगा गप्प. लोक वळून पाहू लागले. पुन्हा बास्केट झाली, पुन्हा गप्प. मग शिडीला चेंडू मिळाला. तो उसळला आणि त्याने चेंडू रिंगमध्ये घातला. या वेळी त्याने गॅलरीकडे पाहिले नाही. पाहणे त्याने सोडून दिले होते.

“पोंऽऽऽ!”

सारी गॅलरी चमकली. “अरे, चुकला काय?” टॅक्सीवाला ओरडला. “तो पोरगा हातचा जाईल ना!”

“जाऊ दे!” भोंगा उभा राहून म्हणाला. “जो उद्या येणार आहे त्याच्यासाठी, आज जो धावतोय त्याला मारायचं? मी शिकवलं तुम्हाला हे. मीच सांगतो, चुकलो!”

“भोंगा विकला गेला!” कोणीतरी मागून म्हणाले. एक रिकामी बाटली येऊन त्याच्या पाठीवर लागली. त्याने मागे पाहिले नाही. शिडीने पुन्हा बास्केट केली, भोंगा पुन्हा वाजला, आणि त्या पाठोपाठ एक जाडाभरडा आवाज आला, “अजून एक!” तो बेकरीवाला होता. मग पोस्टातला कारकून. मग दोन-चार पोरे. सगळी गॅलरी काही ओरडली नाही. पण शिडीने वर पाहिले, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आले ते पाहून टॅक्सीवालाही खाली बसला.

सामना संपल्यावर भोंगा घरी गेला नाही. काचेच्या खोलीतून व्यवस्थापक ज्या जिन्याने उतरतात तिथे जाऊन उभा राहिला. मागे पंधरा-वीस माणसे. व्यवस्थापक दिसले, खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले. भोंगा एक पाऊल मागे सरला.

“साहेब, माझ्या दुकानात बसून तुम्ही शब्द दिलात. तो मी घरोघर वाटला. आता तो परत कुठं नेऊन देऊ?”

“अहो, असं मनाला लावून घेऊ नका. बांधणी म्हटली की काही कठोर निर्णय...”

“मग तसं सांगायचं होतं! ‘कॅप्टनला ठेवणं जमत नाही, काही वर्षं हरणार आहोत’, एवढंच सांगायचं. आम्ही हरणाऱ्या संघाबरोबर बसलो नसतो असं वाटलं तुम्हाला? अहो, वर्षानुवर्षं दुसरं काय करतोय आम्ही!”

मागची माणसे हसली, पण व्यवस्थापकांना हसता आले नाही. समाधानकारक उत्तर त्यांच्याकडून पुढेही मिळाले नाही, हे खरे सांगायला हवे. कॅप्टन परत आला नाही. संघ तळाच्या एक पायरी वर राहिला आणि तो असामान्य मुलगा दुसऱ्याच शहरात गेला. काही जण त्याबद्दल भोंग्याशी अजून बोलत नाहीत. पण त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याला त्या काचेच्या खोलीच्या बरोबर समोर एक कापडी फलक लागतो. ‘हरलात तरी चालेल. फसवू नका.’ व्यवस्थापकांना तो दिसतो. दिसलाच पाहिजे अशा जागी बेकरीवाल्याने तो बांधलेला आहे.

राहिली भिंगरी. तिने सगळ्या मुलींसमोर उभे राहून माफी मागितली. ताडने ऐकून घेतले आणि निघून गेली. ताडची त्या वर्षी निवड झाली नाही. पीटीच्या बाई म्हणाल्या, “संघात घेणं माझ्या हातात आहे. पण तुझ्यावर भरवसा ठेवणं त्यांच्या.” तेव्हापासून भिंगरी रोज सरावाला जायची आणि मैदानाबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची. कोणी तिला आणायला सांगितले नव्हते. ताड तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

एके दिवशी भोंगा तिला घ्यायला आला तेव्हा मैदान जवळजवळ रिकामे झाले होते. ताड एकटी रिंगखाली सराव करत होती. चेंडू उसळून बाहेर गेला, भिंगरीने तो पळत जाऊन उचलला आणि नेहमीसारखी ठेवून द्यायला निघाली. ताड मागे सरली. आणि एकदम रिंगच्या दिशेने धावत सुटली.

“बघतेस काय? टाक!”

भिंगरीने टाकला. चेंडू सरळ गेला. ताडने तो हवेत झेलला, उडी मारली... आणि चेंडू रिंगवर आदळून बाहेर पडला. नेम चुकला!

तरीही कुंपणापलीकडच्या टेम्पोतून भोंगा वाजला. पोंऽऽऽ!

मित्रहो, आपल्याला फसवणारे बहुतेक वेळा काचेमागे बसलेले असतात, आणि आपला हात पोचतो तो खाली धावणाऱ्यापर्यंत. म्हणून वरच्यांचा राग आपण खालच्यांवर काढतो. कचेरीत काढतो, घरात काढतो आणि त्याला शहाणपण म्हणतो. राग जरूर यावा! पण ज्या दारातून तो निघाला त्याच दारात नेऊन तो उभा करावा, आणि हाती लागेल त्याच्यावर ओतू नये. फसवले गेलो म्हणून फसवण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. संघ असो, कचेरी असो की घर, नवे उभारायचे तर सुरुवात एवढीच आहे. जो आपल्यावर भरवसा ठेवून धावतो आहे, त्याच्याकडे चेंडू टाकावा.